फियाट का थांबली? कुर्ल्याच्या पद्मिनीविषयी, नाशिकहून

पद्मिनी कोणी मारली, असे नाशिकमध्ये चार माणसांना विचारले तर तीन उत्तरे हमखास मिळतात. मारुतीने मारली, युनियनने मारली, सरकारने मारली. चौथा माणूस बहुधा म्हणतो, ‘पद्मिनी कुठली? फियाट म्हणा!’ मला त्या चौथ्या माणसाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे वाटते, पण त्याकडे नंतर येऊ. मारुती रस्त्यावर आली १९८३ च्या अखेरीस. या गाडीचे भवितव्य त्याच्या चौदा वर्षे आधी, १९६९ साली, जवळजवळ ठरून गेले होते, असे माझे मत आहे. आजचा धागा त्या मताचा आहे आणि तो लांबणार आहे.

कुर्ल्यात तयार झालेल्या गाडीवर नाशिककराने का लिहावे, हा प्रश्न रास्त आहे. या गाडीच्या जन्मकथेतील दोन माणसे आपल्या जिल्ह्याची ओळखीची आहेत. पहिले सोलापूरचे वालचंद हिराचंद. मालेगावजवळ रावळगावचा साखर कारखाना त्यांनी १९३३ साली काढला. पान पसंदची गोळी ज्यांनी चघळली आहे त्यांना रावळगाव हे नाव वेगळे सांगायला नको. याच वालचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी केली. तिचेच पुढचे रूप म्हणजे एचएएल, जिचा कारखाना साठच्या दशकात मिग विमानांसाठी आपल्या ओझरला आला. साखर, विमान आणि मोटार यांचा एकाच माणसाशी संबंध असावा, ही गोष्ट आज सहज पटत नाही.

दुसरे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून १८८४ साली त्यांची पहिली नेमणूक झाली ती नाशिकला. पुढे म्हैसूरचे दिवाण झालेल्या आणि सत्तरी ओलांडलेल्या या अभियंत्याने तीसच्या दशकात हिंदुस्थानातल्या मोटार कारखान्याचा आराखडा तयार केला आणि वालचंद त्यामागे उभे राहिले. बाळासाहेब खेरांच्या मुंबई मंत्रिमंडळाची सहानुभूती होती. पण १९३९ साली काँग्रेसची मंत्रिमंडळे पायउतार झाली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी जुळली, तेव्हा दिल्लीच्या इंग्रज सरकारने हात आखडता घेतला. जे सरकार युद्धासाठी परदेशांतून मोटारी आणत होते, त्याला येथे मोटार तयार होण्याची निकड वाटत नव्हती. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो, प्लिमथ अशा नावांच्या गाड्या जुळून बाहेर पडू लागल्या.

‘जुळून’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. पेटाऱ्यातून सुटे भाग आणायचे आणि येथे नटबोल्ट आवळायचे, एवढेच काम. शिवडीला जनरल मोटर्सही १९२८ पासून हेच करीत होती. मग १९५३ साली, टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून, केंद्र सरकारने नियम केला, की ज्यांना टप्प्याटप्प्याने संपूर्ण गाडी येथे घडवायची असेल त्यांनीच राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. मोटारींच्या बाजारात प्रामुख्याने उरले तिघे: कलकत्त्याजवळची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची प्रीमियर.

वालचंद हे सर्व पाहायला फार काळ राहिले नाहीत. त्याच वर्षी, १९५३ साली, त्यांचे निधन झाले. देशी उद्योगाला संरक्षण मिळावे म्हणून त्यांनी जहाजांपासून विमानांपर्यंत आयुष्यभर भांडण केले होते. ते संरक्षण मिळाले, आणि मागितले होते त्याहून कितीतरी जाड भिंतींचे मिळाले.

इटलीच्या फियाटशी प्रीमियरचा करार झाला होताच. आधी टोपोलिनो नावाची चिमुकली गाडी आली, १९५४ च्या सुमारास ‘इलेव्हन हंड्रेड’ आली आणि तिचे एकेक सुधारित रूप येत राहिले. १९६४ साली आलेली ११००-डी हीच आपली फियाट. १०८९ सीसीचे इंजिन, चाळिसेक अश्वशक्ती, चार गिअर, मागच्या चाकांना गती. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला, त्यामुळे पुढे सलग बाकासारखे आसन आणि त्यावर ड्रायव्हरसह तिघे आरामात. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना ती का भावली याचे निम्मे उत्तर या बाकात आहे. उरलेले निम्मे तिच्या साधेपणात. बोनेट उघडले की सगळे समोर दिसे आणि पान्यांच्या एका पिशवीत तिची बहुतेक दुरुस्ती मावे.

इटलीत ही ११००-डी निघाली १९६२ साली. म्हणजे १९६४ मध्ये कुर्ल्याची गाडी जगाच्या दोनच वर्षे मागे होती. हा आकडा लक्षात ठेवा. ‘आपल्याला नेहमी जुनाट मालच मिळाला’ असे सरसकट बोलणाऱ्यांना तो सांगण्यासारखा आहे. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी घेतली ती हीच गाडी. किंमत बारा हजार रुपये, घरात जमले सात हजार, उरलेल्या पाच हजारांसाठी पंजाब नॅशनल बँकेचे कर्ज. ते फिटण्याआधीच ताश्कंदला त्यांचा मृत्यू झाला आणि ललितादेवींनी निवृत्तिवेतनातून ते फेडले. ही हकीगत शास्त्रीजींच्या साधेपणाची म्हणून सांगितली जाते, ती आहेच. मला तीत आणखी एक गोष्ट दिसते. ज्या देशात पंतप्रधानालाही छोट्या गाडीसाठी कर्ज काढावे लागे, त्या देशात ही ‘छोटी गाडी’ सामान्य माणसाची नव्हतीच.

आता १९६९ कडे येऊ.

त्या वर्षी तिकडे इटलीत फियाटने ११०० ही मालिका बंद केली आणि तिच्या जागी १२८ आणली. नव्या गाडीचे इंजिन आडवे बसवलेले आणि गती पुढच्या चाकांना. आज आपल्या गल्लीत उभ्या असलेल्या बहुतेक छोट्या गाड्या याच मांडणीच्या आहेत. त्याच वर्षी इकडे भारतात मोटारींच्या किमतींवर कायदेशीर नियंत्रण आले. गाडी किती रुपयांना विकायची हे सरकार ठरवणार. वर्ष संपता संपता मोठ्या उद्योगसमूहांच्या विस्ताराला वेसण घालणारा एमआरटीपी कायदाही संमत झाला. किती गाड्या काढायच्या, याचा परवाना १९५१ च्या कायद्याने आधीच लागत होता. किमतीचा वाद प्रीमियरने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९७१ च्या अखेरीस त्याचा निकाल लागला. निकालपत्र वाचले तर पोलाद, टायर, मजुरी आणि नफा यांचे रुपये-पैशांतले हिशेब न्यायमूर्तींनी तपासलेले दिसतात. गाडीची किंमत न्यायालयात ठरते तेव्हा तिचे नवे मॉडेल कोण आणि कशासाठी काढील?

हे जरा सावकाश पाहिले पाहिजे, कारण मला खरे कारण येथे सापडते. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत ज्यांच्या घरची माणसे काम करतात त्यांना डाय म्हणजे काय ते सांगावे लागणार नाही. दरवाजा, बोनेट, छप्पर, मडगार्ड अशा प्रत्येक पत्र्याला स्वतःची डाय लागते आणि प्रेसखाली लाखो वेळा दाब सोसून ती झिजते. नवी गाडी काढायची म्हणजे त्या सगळ्या डाय नव्या, वेल्डिंगची फिक्श्चर नवी, इंजिनाच्या मशिनिंगची मांडणी नवी. हा खर्च एकदाच होतो आणि गाड्यांच्या संख्येवर वाटला जातो. समजा, तो एक कोटी आहे. दहा हजार गाड्यांवर वाटला तर गाडीमागे हजार रुपये. लाख गाड्यांवर वाटला तर शंभर. सत्तरच्या दशकात सगळ्या देशात मिळून वर्षाला मोटारी बनत होत्या तीस-चाळीस हजार, आणि त्याही तिघांत वाटलेल्या. किंमत वाढवायला मनाई, संख्या वाढवायला परवाना, यंत्रे आणायला आयातीचा वेगळा परवाना. आणि दुसऱ्या बाजूला, कशीही गाडी काढली तरी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबायला तयार असलेले गिऱ्हाईक. अशा स्थितीत मालकाने जुन्याच डायवर पत्रा दाबत राहणे हा आळस नव्हता, तो सरळ हिशेब होता. येथे माझा सूर प्रीमियरच्या टीकाकारांहून वेगळा लागतो. ती जागा मलाही दिली असती तर मीही तेच केले असते, आणि तुम्हीही.

छोट्या, स्वस्त गाडीचा विचार सरकारने केलाच नाही असे नव्हे. १९६० च्या सुमारास ल. के. झा यांच्या समितीने त्यावर अहवाल दिला, पुढेही समित्या झाल्या. मोटार ही चैनीची वस्तू, आधी बस आणि ट्रक, हा युक्तिवाद दर वेळी जिंकला. तो सर्वस्वी चुकीचा होता असेही म्हणवत नाही. ज्या देशात दुष्काळात धान्याची जहाजे मोजली जात होती तेथे मोटारीच्या पत्र्यासाठी परकीय चलन मागणे अवघडच होते.

सत्तरीच्या आरंभी फियाटशी असलेला करार संपला आणि गाडीवरून ते नाव गेले. थोडे दिवस ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ होती. १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली, चितोडच्या राणीच्या नावावरून. लोकांनी मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटले. सुरुवातीच्या चौथ्या माणसाचे उत्तर आठवा. ज्या कंपनीने आपल्या देशात ती गाडी केव्हाच निकालात काढली होती, तिचेच नाव येथे जुळेपर्यंत, विकेपर्यंत आणि भंगारात जाईपर्यंत चालले. आपण घडवलेल्या वस्तूला आपण दिलेले नाव चिकटले नाही, हे वालचंदांना आवडले असते का?

माझ्या आजोबांकडे ही गाडी होती. त्यांची एक वही माझ्याकडे आहे. तीत प्रत्येक वेळी भरलेले पेट्रोल, मीटरवरचा आकडा आणि प्रवासाचे कारण टाकाने लिहिलेले आहे. ‘मुंबई, लग्न’, ‘वणी, दर्शन’, ‘सिन्नर, कोर्ट’. कसारा घाटात गाडी तापू नये म्हणून चढाच्या आधी पाणी पाहण्याची नोंद त्यांनी कधी चुकवली नाही. त्या काळच्या सगळ्याच गाड्यांची ती रीत होती. उन्हाळ्यात घाटाच्या कडेला बोनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्यांची रांग हे मुंबई-आग्रा रस्त्याचे नेहमीचे चित्र. वहीत शेवटची काही वर्षे टाकाऐवजी बॉलपेन येते आणि मग एका पानावर दोन ओळी: फियाट दिली, मारुती घेतली. पुढच्या पानापासून लिटरमागे पडणाऱ्या किलोमीटरचा हिशेब सुरू होतो, जो आधी कधी मांडलेला नव्हता. फियाटवर माया असलेल्या माणसाने तिला सोडले ते असे, दोन ओळींत.

ते असे एकटेच नव्हते. भारत सरकारने सुझुकीला भागीदार करून घेतले आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. ७९६ सीसीचे इंजिन, पुढच्या चाकांना गती, हलके वजन. शिवाय कमी इंधन खाणाऱ्या, हजार सीसीच्या आतल्या गाड्यांना करात सवलत. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे. त्या सीमारेषेच्या ८९ सीसी पलीकडे. ज्या सरकारने प्रीमियरला पंधरा वर्षे बांधून ठेवले, त्याच सरकारने स्वतःच्या कंपनीला परदेशी तंत्रज्ञान, भांडवल आणि मोठ्या संख्येचा परवाना एकदमच दिला. ऐंशीचे दशक संपेपर्यंत मारुती एकटीच वर्षाला लाखाच्या पुढे गेली. वर डायचा हिशेब मांडला तो आता कोणाच्या बाजूने झुकला हे सांगायला नको.

प्रीमियर स्वस्थ बसली नव्हती. १९८५ मध्ये तिने ११८-एनई काढली: अंगाला फियाट १२४ चा साचा आणि आत निस्सानचे इंजिन. चांगली गाडी होती, पण महाग, आणि साचा साठच्या दशकातला. पद्मिनीलाही डिझेलचे इंजिन मिळाले आणि अगदी शेवटी गिअर खांबावरून जमिनीवर आला, पुढे वेगवेगळी आसने आली. म्हणजे जो बाक तिची ओळख होता, तोच काढून टाकावा लागला.

१९९३ साली मोटारींवरचा परवाना उठला. प्रीमियरच्या दृष्टीने हा सुटकेचा क्षण असायला हवा होता. कंपनीने फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी करून कल्याणला ३०९ काढली आणि थोड्याच काळात जुन्या मैत्रिणीला, फियाटला, पुन्हा बोलावून कुर्ल्याला उनो काढायला घेतली. एकाच वेळी दोन परदेशी पाहुणे, दोन कारखाने, आणि तिसरीकडे पद्मिनी. उनोसाठी लोकांनी भरभरून पैसे भरले, गाड्या मात्र हळूहळू निघाल्या. कामगारांचे तंटे आणि संप याच काळातले. डॉ. दत्ता सामंतांच्या संघटनेचे प्रीमियरच्या कामगारांत जुने वजन होते, म्हणून ‘युनियनने मारली’ हे उत्तर येथे जन्म घेते. संपामुळे उनो आणि ३०९ ची घडी विस्कटली, हे खरे. पण पद्मिनीचे गिऱ्हाईक त्याच्या दहा वर्षे आधीच उठून गेले होते. आणि गिरण्यांचा संप, त्यानंतर गिरण्यांच्या जमिनींचे झालेले काय, हे डोळ्यांसमोर पाहिलेला मुंबईचा कामगार नव्या भागीदारीच्या घोषणेने आश्वस्त कसा होईल? भरवस्तीतली जमीन कारखान्यापेक्षा मोलाची झाली की त्या कारखान्यातली प्रत्येक वाटाघाट बदलते. आज कुर्ल्यात प्रीमियर रोड हे नाव आहे आणि जुन्या आवाराच्या मोठ्या भागावर निवासी वसाहत आहे.

१९९७ साली कुर्ल्याच्या उद्योगातला मोठा वाटा फियाटकडे गेला. पुढे तीही तेथून हलली आणि पुण्याजवळ रांजणगावला टाटांच्या सोबतीने बसली. प्यूजोही परत गेली.

पद्मिनीवरचा शेवटचा घाव धुराचा. १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आले, २००० पासून नियम आणखी कडक झाले. कार्ब्युरेटरवर चालणारे मूळचे पन्नाशीतले इंजिन त्या कसोट्यांना उतरवायचे तर पुन्हा तोच जुना प्रश्न: खर्च किती गाड्यांवर वाटायचा? खाजगी गिऱ्हाईक उरले नव्हते, टॅक्सीवाले तेवढे उरले होते. त्यांच्या जिवावर कारखाना चालत नाही. २००० च्या आसपास उत्पादन थांबले. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसॅडर त्यानंतरही २०१४ पर्यंत निघत राहिली, कारण तिच्यामागे सरकारी कचेऱ्यांची खरेदी होती. पद्मिनीला तो आधार मिळाला नाही. मला यात पद्मिनीचा कमीपणा वाटत नाही.

मुंबईच्या ताडदेव आरटीओत शेवटची काळी-पिवळी पद्मिनी नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस त्या गाडीचाही टॅक्सीचा परवाना संपला. तेव्हा वर्तमानपत्रांनी भरपूर आठवणी छापल्या. चित्रपटांतली दृश्ये, मीटरचे भोंडले डोके, मागच्या आसनावरचे फुलाफुलांचे रेक्झिन. कुर्ल्यात ती घडवणाऱ्यांविषयी मी शोधून पाहिले, तेव्हा फारच थोडे हाती लागले.

नाशिकला द्वारकेच्या बाजूला एका गॅरेजमध्ये एक वयस्क मिस्त्री आहेत. इंजिनाच्या आवाजावरून टॅपेट किती ढिली आहेत हे ते सांगतात. त्यांच्या फळीवर फियाटचे चार कार्ब्युरेटर तेल लावून कागदात गुंडाळलेले आहेत. वर्षाकाठी एखाददुसरा शौकीन गाडी घेऊन येतो, तेव्हा एक सुटतो. त्यांच्या हाताखालचा मुलगा कॉम्प्युटर लावून नव्या गाड्यांचे दोष वाचतो. फियाट आली की तो बाजूला उभा राहून पाहतो. ‘शिकून काय करू?’ असे तो विचारत नाही, पण शिकतही नाही. मिस्त्रींचा त्यावर राग नाही. ‘त्याच्या वयाला मी ही शिकलो, कारण रस्त्यावर हीच होती,’ एवढेच ते म्हणतात.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी प्रीमियरच्या गाडीचे बुकिंगचे पत्र, जुने आरसी बुक, हिशेबाची वही किंवा कुर्ल्याच्या कारखान्यातला एखादा फोटो असेल, तर रद्दीत देण्याआधी त्याचे छायाचित्र काढून ठेवा आणि मागे तारीख, माणसांची नावे लिहून ठेवा. पुढचा धागा रावळगावचा: माळरानावर ऊस कसा उभा राहिला, आणि साखरेवरून गोळ्यांकडे तो कारखाना कसा वळला.